ओटा असलेला मेंबर

ऑगस्ट २०२५. पोळा दोन दिवसांवर आलाय, बैलांच्या शिंगांचा रंग अजून दुकानातच आहे, पण आमच्या कुंपणाशी जिल्हा परिषदेची निवडणूक लागलीसुद्धा. आमच्या पिशोर गावात निवडणूक आधी कुंपणाशी लागते, आयोगाला मागून कळतं. आमच्या उजव्या हाताला नाना. झेडपीच्या शाळेतून मास्तर म्हणून निवृत्त झाले, पण तास घ्यायचे काही थांबले नाहीत. डाव्या हाताला अक्का. शेतात अद्रक लावतात आणि तोंडही त्याच चवीचं. मधे मी. दोन्हीकडची भाजी आणि दोन्हीकडची बातमी माझ्याच अंगणातून जाते.

"नाना, ते कोर्ट काय म्हणलं? औंदा तरी मेंबर येणार का न्हाई?" अक्का शेवगा सोलता सोलता ओरडल्या.

"सर्वोच्च न्यायालयानं ६ मेलाच सांगितलंय, अक्का. चार महिन्यांत निवडणुका उरका म्हणून."

अक्कांनी बोटं मोजली. "मे, जून, जुलै, ऑगस्ट. सरत आले की चार."

"जुलैत गट-गणांचे नकाशे निघाले. त्यावर हरकती, मग सुनावण्या, मग आरक्षणाची सोडत, मग मतदार याद्या, मग फॉर्म..."

"मंजे दिवाळीपतुर कायच खरं न्हाई."

"दिवाळीनंतरचंही मी लिहून देत नाही," नाना म्हणाले आणि खुर्ची कुंपणाजवळ ओढून बसले. नाना बसले की तास चालू झाला असं समजायचं.

तर मामला असा. आमच्या जिल्हा परिषदेची आणि पंचायत समित्यांची मुदत संपली मार्च २०२२ मधे. तेव्हापासून प्रशासक. झेडपीत मुख्य कार्यकारी अधिकारी, पंचायत समितीत गटविकास अधिकारी. ओबीसी आरक्षणाचा दावा कोर्टात, गटांची संख्या कोर्टात, तारखेवर तारीख. साडेतीन वर्षं होत आली. राज्यघटनेत तर असं लिहिलंय की मुदत पाच वर्षांची, आणि मधेच बरखास्त केली तर सहा महिन्यांच्या आत निवडणूक घ्या. हे लिहिलं गेलं ७३ व्या घटनादुरुस्तीत. ती लागू झाली २४ एप्रिल १९९३ ला. शेती, पाणी, शाळा, दवाखाना असे २९ विषय खालच्या कारभाऱ्यांकडं द्यावेत म्हणून त्यात वेगळी यादीच जोडली.

"पण नाना, खरं सांगा," अक्कांनी शेंग मोडली. "मेंबर नव्हता तर अडलं काय? शाळा भरली. दवाखाना चालला. उलट ढाब्यावरच्या पार्ट्या वाचल्या."

नानांच्या आधी मीच बोलले. "अक्का, तुमच्या मोरीचं काय झालं?"

बस. एवढं पुरलं.

अक्कांच्या शेताच्या वाटेवर ओढ्याची मोरी आहे. आधी एकदा पुरात वाहून गेली तेव्हा पंचायत समितीचा मेंबर होता. कोणता, कोणत्या पक्षाचा, ते सोडा. अक्का सकाळी उठून त्याच्या ओट्यावर जाऊन बसल्या. त्याची माय म्हणाली, जेवून जा. अक्का म्हणाल्या, पाइप पडल्यावर जेवीन. गावातली येणारी-जाणारी माणसं विचारायला लागली, अक्का इथं कशा? मेंबर आतल्या आत घामाघूम. आठवडा भरायच्या आत सिमेंटचे पाइप येऊन पडले, आणि अक्का खरोखर जेवायला गेल्या. पुरणपोळी होती, हेही त्या सांगायला विसरत नाहीत.

तीच मोरी प्रशासकाच्या काळात पुन्हा वाहून गेली. या वेळी अक्का तालुक्याच्या एका हापिसात गेल्या. साहेब मीटिंगला. पुन्हा गेल्या. साहेब व्हीसीला. व्हीसी म्हणजे काय हे त्यांनी शिपायाला विचारलं, तर तो म्हणाला, साहेब खोलीतच आहेत पण मुंबईत आहेत. तिसऱ्या खेपेला साहेब भेटले. माणूस चांगला. खुर्ची दिली, अर्ज घेतला, पोच दिली. मग त्यांची बदली झाली.

"आता त्या पोचपावतीवर बैलगाडी उतरवू का?" अक्का आज दोन वर्षांनीही तितक्याच तापतात.

"मग हेच अडलं," नाना म्हणाले. "साहेब वाईट नव्हता. पण त्याला ओटा नव्हता. त्याच्या मायला तुम्ही ओळखत नव्हतात. त्याला उद्या तुमच्या दारात मत मागायला यायचं नव्हतं. सत्तेचं विकेंद्रीकरण, विकेंद्रीकरण म्हणून भाषणं करतात ना, त्याचा अर्थ एवढाच, की ज्याच्याशी भांडायचं तो माणूस हाकेच्या अंतरावर पाहिजे."

अक्कांना हे पटलं, पण नानांचं लगेच पटवून घेणं त्यांच्या स्वभावात नाही. "मग तुमच्या बदल्यांच्या वेळी काहून म्हणत होते, संगणक आला ते बेस झालं?"

नाना जरा गडबडले. गोष्ट खरी आहे. पूर्वी मास्तरांच्या बदल्या झेडपीतच व्हायच्या. मेंबर, सभापती, त्यांचे मेहुणे, सगळ्यांच्या ओट्यावर मास्तर हात जोडून उभे. कुणाला डोंगराकडची शाळा, कुणाला रस्त्यावरची, याचा भाव ठरलेला. २०१७ पासून राज्य सरकारनं बदल्या ऑनलाइन केल्या. पसंतीक्रम भरा, सेवेची वर्षं मोजा, यंत्र शाळा देईल. मास्तर लोक सुटल्यासारखे झाले. म्हणजे अधिकार जिल्ह्यातून निघून वर मुंबईला गेला आणि मास्तरांनी पेढे वाटले.

"ते वेगळं," नाना म्हणाले.

"काहून वेगळं? तुम्हाला ओटा नको, आमाला ओटा पाहिजे?"

"अक्का, जिथं सगळ्यांना एकच माप लावायचं, तिथं यंत्र बरं. बदली, पेन्शन, रेशन. तिथं ओळख आली की चोरी आली. पण मोरी कुठं बांधायची, टाकी कोणत्या वस्तीला आधी, हे यंत्राला काय कळणार? त्याला ओढा माहीत नाही."

ह्याला तोड नव्हती. अक्का शेवग्याकडं वळल्या, म्हणजे मुद्दा मान्य.

मी म्हटलं, "नाना, पण मेंबर आला तरी त्याच्या हातात पैसा असतो का हो?"

इथून तासाला खरा रंग चढला. नानांनी वरून सुरुवात केली, थेट दिल्लीहून. पंधराव्या वित्त आयोगानं सांगितलं की दिल्लीत जमणाऱ्या वाटपाच्या करातले शंभरातले ४१ राज्यांना द्या. त्यातून महाराष्ट्राला सहा टक्क्यांच्या थोडं वर. गोम अशी, की उपकर आणि अधिभार नावाचे जे कर दिल्ली लावते, ते त्या शंभरात धरतच नाहीत.

"मंजे माप घालायच्या आधीच मूठ काढून घेतली," अक्का म्हणाल्या. कापूस आणि अद्रक विकलेल्या बाईला वित्त आयोग समजावून सांगायला लागत नाही.

"मग मुंबईचे लोक दिल्लीच्या नावानं ओरडतात, की आमचाच पैसा, आम्हालाच तोडून देता. खोटं नाही. पण तीच मुंबई जिल्ह्याला देताना काय करते?" नानांनी १९६२ काढलं. वसंतराव नाईकांच्या समितीनं अहवाल दिला, १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. शाळा, दवाखाने, रस्ते, बांधबंदिस्ती, सगळं झेडपीकडं. तेव्हा झेडपीचा अध्यक्ष म्हणजे जिल्ह्याचा कारभारी. त्याची गाडी गावात शिरली की पोरं मागं धावायची. आता पोरं कुणाच्या गाडीमागं धावतात? पालकमंत्र्याच्या. कारण जिल्ह्याच्या वार्षिक आराखड्याची किल्ली जिल्हा नियोजन समितीत, आणि समितीच्या डोक्यावर पालकमंत्री. घटनेनं सांगितलंय की त्या समितीत पाचातले चार सदस्य झेडपी आणि नगरपालिकांतून निवडून आलेल्यांमधलेच पाहिजेत. आता निवडणुकाच झाल्या नाहीत, तर ते चार आणायचे कुठून?

"मग बसलं कोण?" अक्कांनी विचारलं.

"जो उरला तो," मी म्हटलं.

केरळचं उदाहरण नाना दरवेळी देतात. आजही दिलं. १९९६ साली तिथल्या सरकारनं ठरवलं, राज्याच्या योजनेच्या पैशातला पस्तीस-चाळीस टक्के वाटा पंचायती आणि नगरपालिकांना. गावागावात सभा घेऊन लोकांकडूनच आराखडे करून घेतले. "आधी पैसा खाली टाकला, मग म्हणाले आता शिका," नाना म्हणाले. "आपल्याकडं उलट. आधी शिका, मग बघू. आणि परीक्षा घेणारा तोच, पैसे अडवणारा तोच."

मराठवाड्याच्या माणसाला हे 'मग बघू' नवीन नाही. १७ सप्टेंबरचा मुक्तिदिन जवळ आला की नाना ही जुनी उजळणी करतातच. आपला मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, कागद जायचे हैदराबादला. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण मुंबई राज्यात आलो, कागद मुंबईला जायला लागले. त्याआधी १९५३ च्या नागपूर करारात मराठवाड्याकडं विशेष लक्ष देऊ असा शब्द होता. घटनेच्या ३७१ व्या कलमात विकास मंडळाची सोय १९५६ लाच झाली. मंडळ प्रत्यक्षात बसलं कधी? १ मे १९९४ ला. आणि ३० एप्रिल २०२० ला मुदत संपली, ती संपलीच. सप्टेंबर २०२२ मधे राज्याच्या मंत्रिमंडळानं पुन्हा आणायचं ठरवलं. अजून आलेलं नाही.

"ठरवणार मुंबई, सही करणार दिल्ली आणि वाट पाहणार आपण," अक्का म्हणाल्या.

"आणि मंडळ असतानाही पैशाचं वाटप ठरवायची विशेष जबाबदारी राज्यपालांची. राज्यपाल कुणाचा? दिल्लीचा. म्हणजे मुंबईनं आपल्याला नीट द्यावं म्हणून दिल्लीचा माणूस मधे बसवला. आपल्यातला कुणी नाही बसवला."

मला मात्र आमच्या मामंजींची गोष्ट आठवली. त्यांच्या जमिनीचा दावा हायकोर्टात गेला तेव्हा हायकोर्ट म्हणजे मुंबई. रात्रभर प्रवास, धर्मशाळेत मुक्काम, वकिलाची फी वेगळी आणि वकील भेटेपर्यंतचा चहा वेगळा. २७ ऑगस्ट १९८१ ला औरंगाबादला, म्हणजे आताच्या संभाजीनगरला, खंडपीठ सुरू झालं आणि मामंजी सकाळच्या एसटीनं जाऊन दिवेलागणीला घरी यायला लागले. दावा लवकर निकाली निघाला असं नाही. पण तारखेला माणूस हजर राहायला लागला, आणि समोरच्या पार्टीला 'हे काही येत नाहीत' म्हणून निवांत झोपता येईना. परवा १८ ऑगस्टला कोल्हापुरात सर्किट बेंच सुरू झालं तेव्हा टीव्हीवर तिकडची माणसं नाचत होती. शहरातल्या एका पाहुण्यानं विचारलं, कोर्ट आलं म्हणून कुणी नाचतं का? मी म्हटलं, तुम्ही तारखेसाठी कधी मुक्काम केलेला दिसत नाही.

"बरं, आता वरच्यांना पुरे झालं," अक्का म्हणाल्या. "खालचं बोला की. गावाच्या हाती आलं तेचं काय होतं, ते बी सांगा."

हा विषय अवघड, कारण गावं सगळी नात्यातली. माझ्या नणंदेच्या गावचंच सांगते. गावाचं नाव नको, मार्गशीर्षात तिथं लग्नाला जायचंय. सरपंचपद महिलेला सुटलं. २०११ पासून निम्म्या जागा बायकांच्या आहेतच. बाई शिकलेली, चुणचुणीत. आता पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा ग्रामपंचायतीच्या खात्यावर येतो. शंभरातले ८० ग्रामपंचायतीला, दहा पंचायत समितीला, दहा झेडपीला. आणि निवडून आलेली बॉडी नसली की पैसा सोडायचा नाही, असा नियमच आहे. गावाच्या ८० मधले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेलाच लावायचे, उरलेल्यात गावाची मर्जी. ही मर्जी चालवायला संगणकावर दोन डिजिटल सह्या लागतात, एक ग्रामपंचायत अधिकाऱ्याची आणि एक सरपंचाची. सरपंचाची सही म्हणजे बोटाएवढं डोंगल.

नणंदेनं एकदा सरपंच बाईला विचारलं, "ताई, ते डोंगल दाखवा ना कसं असतं." बाई म्हणाली, "मी पण पाहिलं नाही. ह्यांच्याकडं होतं. ह्यांनी ऑपरेटरकडं दिलंय."

अक्का हसून हसून खाली बसल्या. "दिल्लीहून निघाली सत्ता आणि ऑपरेटरच्या ड्रावरात जाऊन पडली!"

"हसू नका," नाना म्हणाले. "त्या गावात ग्रामसभा कशी होते ते विचारा."

ग्रामसभेला गणपूर्ती लागते. शंभर माणसं किंवा मतदारांच्या १५ टक्के, जे कमी असेल ते. तेवढी जमली नाहीत की सभा तहकूब. आणि तहकूब सभा पुन्हा घेतली की तिला गणपूर्ती लागतच नाही. म्हणून नणंदेच्या गावातल्या हुशार मंडळींनी काय केलं? पहिल्या सभेची दवंडी हळू दिली. दुसऱ्या सभेला पारावर पाच जण, त्यातले दोन पेंगलेले. वर्षाचा आराखडा मंजूर. ठरावाखाली लिहिलं, 'सर्वानुमते'.

"आणि बाकीचं गाव कुठं व्हतं?"

"घरी. मालिका बघत. मग वर्षभर ओरडत, की आम्हाला कुणी विचारलं नाही."

नाना म्हणाले, "ही साखळी पाहा अक्का. मुंबई म्हणते दिल्ली देत नाही. झेडपी म्हणते मुंबई देत नाही. सरपंच म्हणतो झेडपी देत नाही. सरपंच बाई म्हणते नवरा देत नाही. प्रत्येकाला सत्ता आपल्या दारापर्यंत यायला हवी, दारातून पुढं गेलेली नको. सरपंच लोकांनी निवडायचा की मेंबरांनी, एवढं साधं गावाचं गावानं ठरवावं ना? २०१७ ला कायदा झाला, थेट लोकांतून. मग सरकार बदललं, २०२० ला मेंबरांतून. २०२२ ला पुन्हा बदललं, पुन्हा थेट. तीन वेळा बदललं, गावाला एकदा तरी विचारलं?"

मी म्हटलं, "सगळंच काळं नाही रंगवायचं, नाना. आपल्याच जिल्ह्यात पाटोदा आहे की."

पाटोद्याचं नाव काढलं की अक्का खूश. तिथले माजी सरपंच भास्करराव पेरे पाटील यांची भाषणं त्यांच्या नातवाच्या मोबाइलवर कितीतरी वेळा ऐकलीत. तिथली युक्ती सोपी होती. ग्रामपंचायतीचा सगळा कर वेळेवर भरा आणि दळण फुकट दळून न्या. बायका पिठाच्या डब्यासाठी नवऱ्याच्या मागं लागल्या, आणि वसुली झाली. पैसा गावाचा म्हटल्यावर तो कुठं लावायचा हे कुणाला विचारायला लागलं नाही. आणि त्याच गावानं २०२१ च्या निवडणुकीत पेरे पाटलांच्या मुलीला पाडलं. पुष्कळांना वाईट वाटलं. मला नाही वाटलं. ज्या गावाला एवढा कारभार शिकवला, ते गाव मतही आपल्या मनानंच देणार.

गडचिरोलीतलं मेंढा-लेखा त्याच्याही पुढं. तिथं निर्णय एकमतानं, एक जरी माणूस नको म्हणाला तरी पुन्हा बसायचं. वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवणारं ते देशातल्या पहिल्या काही गावांपैकी एक. तरी बांबू विकायला वाहतुकीचा परवाना खात्याकडंच. शेवटी २०११ च्या एप्रिलमधे तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री गावात आले आणि परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. पुस्तकाच्या दोन-चार पानांसाठी दिल्लीहून मंत्री यावा लागला. पण आला. कारण गाव भांडत बसलं होतं, आणि सगळं गाव बसलं होतं.

"आपल्याकडं एवढी माणसं बसायची कव्हा?" अक्का.

"२ ऑक्टोबरला," नाना म्हणाले. "ग्रामसभा आहे. त्याच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यायची असते."

"मग बाया मी आणते. शंभर काय, दीडशे आणते. भाकरी सकाळीच थापून ठेवतील. पण नाना, तुमी एक करा."

"काय?"

"तिथं उभं राहून वित्त आयोग सांगायच्या आधी, तुमची दोन वर्षांची घरपट्टी भरून टाका. मागच्या बारीला बोर्डावर थकबाकीदारांची नावं लागली, त्यात तुमचं व्हतं. मी लेकराकडून वाचून घेतलंय."

नाना एकदम उठले. त्यांना पेन्शनच्या कागदाचं काहीतरी आठवलं. दोन पावलं गेले आणि इभ्रत राखायला परत वळले. "ते भरतो. पण अक्का, तुम्ही सांगा. झेडपीला या गटातून कुणाला निवडून द्यायचं? कोणत्या पक्षाला?"

अक्कांनी शेवग्याची पाटी कमरेला लावली.

"पक्ष तुमी बघा. मागं एक निवडून आला अन् वर्षाच्या आत संभाजीनगरात फ्लॅट घेऊन बसला. चौथ्या मजल्यावर. खाली वॉचमन. फ्लॅटवाला नको, नाना. ओटा असलेला पाहा."